जॉब गेला

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला पोलादाचा एक नग आहे. वीतभर लांब, एका अंगाला जाड, मग पायरी घेऊन बारीक झालेला. बारीक अंगाचा व्यास २५ मिलिमीटर भरायला हवा होता, तो चार शतांशांनी कमी भरला. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही जाणवत नाही. जाड भागावर लाल रंगाचा एक फराटा ओढलेला आहे, तेवढ्यावरून कळतं. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून महिन्यातून एकदा मी त्याच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवते. पूर्वी हे काम माझे वडील, अण्णा, करायचे. घरी आलेलं कुणी विचारतं, हे काय आहे? मी सांगते, जॉब आहे. ऐकणारा भोसरी-चिंचवडचा असला तर मान हलवून चहाचा कप उचलतो. बाहेरचा असला तर माझं वाक्य अजून संपलेलं नाही असं समजून थांबून राहतो.

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो शाळेत. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. बाईंनी फळ्यावर शब्द लिहून दिले होते आणि प्रत्येक शब्द अर्थासह तीनदा वहीत उतरवायचा होता. जॉब म्हणजे नोकरी, जॉब म्हणजे नोकरी, जॉब म्हणजे नोकरी. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "आज एक जॉब गेला माझ्या हातून."

आई आमटी वाढत होती. ती म्हणाली, "एकच ना?"

"एकच. पण पार शेवटाला आला होता."

पुढचा घास माझ्या घशाखाली उतरेना. चाळीतलं एक कुटुंब दोनच महिन्यांपूर्वी गावी परत गेलं होतं. त्यांची कंपनी बंद पडली होती. त्यांचा स्टोव्ह, गाद्यांची वळकटी आणि पिंपात भरलेली भांडी टेम्पोत चढताना मी पाहिली होती. मी मनातल्या मनात आमचं सामान मोजायला लागले. आपल्याला पाटण तालुक्यातल्या गावच्या घरात राहावं लागणार, तिथल्या शाळेत जावं लागणार. आणि आई इतकी शांत कशी? एकच ना, म्हणजे काय? माणसाच्या नोकऱ्या असतात तरी किती? रात्रभर झोप लागली नाही. पहाटे साडेपाचला जिन्याखालून सायकलचं स्टँड उडवल्याचा खट्ट आवाज आला, डब्याची पिशवी हँडलला आपटली आणि अण्णा नेहमीसारखे पहिल्या पाळीला निघाले. त्या खट्ट आवाजाइतकं धीर देणारं पुढे आयुष्यात फार थोडं ऐकलं.

सकाळी आईला विचारलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एका दमात सांगितलं, "अगं, जॉब म्हणजे मशिनाला लावलेला तुकडा. नोकरीला कोण जॉब म्हणतं?"

खरंच, तेव्हा आमच्याकडे नोकरीला कुणी जॉब म्हणत नसे. नोकरी ही नोकरी, आणि त्याहून जास्त वेळा नुसतं 'कंपनी'. अण्णा कंपनीत गेलेत, कंपनीला सुट्टी आहे, कंपनीनं बोनस दिला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पवनेकाठच्या गावांच्या शिवारात एकेक शेड चढत गेली. अण्णा आले १९६७ साली, आणि त्यांच्यासारखे हजारो जण सातारा, सांगली, नगरकडून आले. त्यांनी गावाकडून नोकरी, चाकरी, खाडा, पाळी हे शब्द बरोबर आणले होते. जॉब त्यांना मिळाला तो इथे, मशीनवर, चकच्या तीन जबड्यांत पकडलेला. त्यामुळे त्या पिढीसाठी जॉबला वजन होतं, लांबी होती, तो हातात घेता यायचा. अण्णांच्या तोंडी जॉबबरोबर येणारी क्रियापदंही तशीच: जॉब पकडायचा, फिरवायचा, सोडवायचा. जॉब तापतो, जॉब थरथरतो. पाळीत दोनशे जॉब काढले. आणि चुकला की जॉब जातो.

जाण्यालाही एक हिशेब असे. अण्णा कॅप्स्टन लेथवर टर्नर होते. ते समजावून सांगत, की दांडा जाड राहिला तर घाबरायचं कारण नाही, पुन्हा लावायचा, अजून एक हात घ्यायचा. त्याला रिवर्क. पण एकदा कमी झाला की झाला, काढलेलं परत लावता येत नाही. भोकाचं मात्र उलटं, भोक लहान राहिलं तर वाचलं, मोठं झालं तर गेलं. मग ते गेजची गोष्ट सांगत. गेजला दोन तोंडं असतात, एक जायला हवं, दुसरं जाता कामा नये. एकाचं नाव गो, दुसऱ्याचं नो-गो. दोन्ही तोंडांची परीक्षा पार पडली तरच जॉब पास. नाही तर लाल फराटा आणि लाल ट्रे.

आता माझं पोट ज्या कामावर चालतं, त्यात हा शब्द रोज आडवा येतो. मशीनवर लावायच्या सूचना, सुरक्षेचे फलक, माहितीपुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणते. पहिल्यावहिल्या कामात मी जॉबसाठी 'कार्यवस्तू' असा शब्द योजला होता. बराच विचार करून, शब्दकोश चाळून. फलक लागायच्या आदल्या दिवशी तिथल्या वयस्क सुपरवायझरनं माझ्या कागदावर पेन्सिलीनं तो शब्द खोडला, वर 'जॉब' लिहिलं आणि कागद सन्मानानं माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "ताई, पोरगं मशीनपुढे उभं असतं. त्याला वाचायला एक क्षण मिळतो." मला पटलं. 'जॉब घट्ट पकडला आहे का, पाहा.' याहून चांगली मराठी त्या जागी मला आजही सुचत नाही.

पण त्या खोडलेल्या शब्दानं मला इंग्रजी शब्दाच्या मागे लावलं. डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्यात त्यानं जॉब या शब्दाला हलक्या दर्जाचा ठरवलं, तो फार बोकाळलाय असं नोंदवलं आणि त्याची व्युत्पत्ती आपल्याला सांगता येत नाही असंही प्रांजळपणे लिहिलं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, सोळाव्या शतकात, तो शब्द इंग्रजीत 'कामाचा एक तुकडा' अशा अर्थानं दिसतो. गोळा किंवा ढेकूळ अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी त्याचं नातं असावं, असा अंदाज करतात. म्हणजे आधी तुकडा, मग किरकोळ, सुटं, मिळेल ते काम आणि पगाराची कायम नोकरी हा अर्थ फार नंतरचा. हे वाचलं तेव्हा मी टेबलावरच्या त्या नगाकडे बघत राहिले. चौथी शिकलेली आई बाईंच्या फळ्यापेक्षा मूळ अर्थाच्या जास्त जवळ होती.

मराठीनं तर कामासाठी कुठूनकुठून शब्द गोळा केले आहेत. नोकरी, चाकरी, रोजगार हे फारसीकडून. पगार आणि मिस्त्री पोर्तुगीजांकडून. काम मात्र घरचं, संस्कृत 'कर्म' प्राकृतात 'कम्म' होऊन आपल्याकडे उतरलं. यातला चाकरी हा शब्द मला सगळ्यांत जुना, झिजून गुळगुळीत झालेला वाटतो, पायऱ्यांच्या दगडासारखा. आषाढात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि तिचा एक मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. लहानपणी आम्ही पाहायला जायचो तेव्हा कारखान्याच्या निळ्या कपड्यांतली माणसं सायकल कुंपणाला टेकवून रांगेत उभी असत. माऊलींची चाकरी, देवाची चाकरी हे शब्द त्या रांगेत सहज ऐकू येत. देवाचा जॉब असं कुणी म्हणणार नाही. हा अर्थ त्या शब्दात शिरला नाही आणि शिरेल असं वाटतही नाही.

आईच्या माहेरी हा शब्द वेगळ्याच रूपात होता. तिचे वडील गिरणगावात सूतखात्यात होते आणि त्यांच्या बोलण्यात 'जॉबर' यायचा. जॉबरनं लावलं, जॉबरनं बदली दिली, जॉबरच्या मनात असेल तर. मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणूस लावायचा तो या जॉबरनं. तो खात्याचा मुकादमच. गावाकडून आलेल्याला काम द्यायचा, पुष्कळदा खोलीत जागा आणि उसने पैसेही तोच द्यायचा, आणि या सगळ्याची दस्तुरी घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं दोन वर्षांनी अहवाल दिला तेव्हा माणसं लावण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा अशी शिफारस केली होती. आजोबांना आयोगाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो माणूस. त्याच्याविषयी बोलताना त्यांच्या आवाजात भीती आणि ओलावा दोन्ही एकदम असत, आणि त्यातलं जास्त काय होतं हे मला कधी ओळखता आलं नाही. त्याच मुंबईत, थोडं दक्षिणेला, शेअर बाजारात आणखी एक जॉबर होता. तो दिवसभर एकाच जातीचे शेअर घेऊन-विकून मधल्या फरकावर जगायचा. दलाल स्ट्रीटवर त्याला तारवणीवाला म्हणत. एकानं माणसं लावायची, दुसऱ्यानं भाव लावायचे, आणि नाव एकच.

छापखान्यातला जॉब मी ओझरता पाहिला आहे. चिंचवड गावात एक ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं हे सगळं जॉबचं काम. पुस्तक मात्र जॉब नव्हे. पुस्तकाचे खिळे जुळवताना जुळाऱ्याचा चेहरा वेगळा असायचा.

भोसरीत आणि तळवड्यात गल्लोगल्ली आहे ते जॉबवर्क. दहा बाय वीसचा गाळा, दोन लेथ, एक ड्रिल, दारात चपला आणि भिंतीवर गणपती. माल मोठ्या कंपनीचा असतो, कष्ट यांचे. कायद्यातली व्याख्यासुद्धा हेच सांगते, दुसऱ्याच्या मालावर केलेली प्रक्रिया म्हणजे जॉबवर्क. २०१७च्या जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल वर्षाच्या आत धन्याकडे परत यायला हवा. म्हणून तो चलनावर जातो. एकच दांडा सकाळी इथे कातला जातो, दुपारी तीनचाकी टेम्पोतून दुसऱ्या शेडमध्ये उष्णतेची प्रक्रिया करून घ्यायला जातो, उद्या तिसरीकडे घासायला, परवा चौथीकडे मुलामा चढवायला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याला दोन-तीन मिनिटं हातात धरतं, आणि कुणाचाच तो नसतो. चलनावर वर ठळक लिहिलेलं असतं, 'फक्त जॉबवर्कसाठी, विक्रीसाठी नाही'. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते चलन मी टेम्पोवाल्यांच्या खिशातून डोकावताना पाहते, तेव्हा मला ते एखाद्या लहान मुलाच्या गळ्यात अडकवलेल्या पत्त्यासारखं वाटतं.

अशीच कागदाची दुसरी गोष्ट जॉब कार्डाची. कारखान्यात जॉब कार्ड म्हणजे त्या तुकड्याबरोबर फिरणारी त्याची हकीगत: कुठल्या मशीनवर गेला, कुणी काढला, किती गेले. गॅरेजात गाडी लावली की काचेवर अडकवतात तेही जॉब कार्डच. ऑइल बदला, ब्रेक पाहा, डावीकडून आवाज येतो. म्हणजे गाडी हाच जॉब. एवढे दोन अर्थ मला ठाऊक होते. तिसरा माझ्याच घरी भाडेकरूच्या फायलीतून निघाला.

चिखलीत आम्ही घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावर एक खोली काढली. तिथे चार मुलं राहतात. कुणी अहमदपूरकडचा, कुणी कंधारचा, एक गंगाखेडचा. चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत, बस वळणावरून घेऊन जाते. भाडेकराराच्या कागदांसाठी कंधारच्या मुलानं आपली सगळी फाइल खाली आणली. आयटीआयचं प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका, आणि त्यात पिवळट पडलेलं एक पुस्तिकेसारखं कार्ड. त्यावर सगळ्या घराचा एकत्र फोटो. आई, वडील, चुलता, सगळे कॅमेऱ्याकडे बघताना थोडे आखडलेले. "हे आईचं जॉब कार्ड, काकू. चुकून आलं वाटतं माझ्याकडं." रोजगार हमीचं. पान उलटलं. आत कामाच्या दिवसांचे रकाने होते, काही भरलेले, बरेचसे कोरे.

या कार्डाचं मूळ आपल्याकडचं आहे, हे किती जणांना आठवत असेल? वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर माणसं जगवायला धावली आणि १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, त्यात घराला वर्षाकाठी शंभर दिवस ठरले. आमच्या लहानपणी मात्र लोक योजनेचं नाव घेत नसत. 'दुष्काळी कामावर होतो' म्हणत. अण्णांची थोरली बहीण बहात्तर साली खडी फोडायला जात असे. तिच्या हातांना पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. अण्णांच्या हातांना होते तिथेच, अंगठ्याच्या खाली. पण तिच्या कामाला जॉब म्हणावं असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खडीच्या ढिगाला म्हणावं असंही नाही. ब्रास मोजायचे आणि पैसे वाटायचे.

माझी भाची हिंजवडीला असते. परदेशातल्या एका बँकेचं रात्रीचं काम इथून सांभाळणाऱ्या गटात. एकदा मुक्कामाला आली होती. रात्री दोनला तिचा फोन वाजला आणि ती दचकून उठून लॅपटॉप उघडून बसली. मी दिवा लावला. "झोप तू, मावशी," ती म्हणाली, "एक जॉब फेल झालाय."

पाचवीतली ती रात्र अंगावरून सरकन गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तिच्याजवळ येऊन बसले. तिनं पडद्यावरून नजर न काढता समजावलं. दिवसभराचे व्यवहार रात्री एकगठ्ठा संगणकावर चालवतात. असा प्रत्येक गठ्ठा म्हणजे जॉब. एक संपला की दुसरा सुरू होतो, मधला पडला की मागचे सगळे अडून राहतात. आयबीएमनं १९६४ साली सिस्टिम ३६० नावाचे संगणक जाहीर केले. त्यांना काम सांगायची जी भाषा तेव्हा ठरली, ती तिच्या बँकेत अजून चालते. त्या काळी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर सूचना द्यायच्या. पुठ्ठे केव्हाच गेले, पण यादीतली पहिली ओळ अजून तशीच लिहितात: दोन तिरक्या रेघा, नाव आणि जॉब. "आणि त्या ओळीला आम्ही अजून काय म्हणतो माहितेय? जॉब कार्ड."

तीन वाजता तिनं तो जॉब दुरुस्त करून पुन्हा लावला. अण्णा जिवंत असते तर त्यांना हे बरोबर कळलं असतं. पुन्हा लावता आला, म्हणजे रिवर्क झाला, म्हणजे गेला नाही. भाचीच्या हातात मात्र काहीच नव्हतं. मला फक्त तिच्या चेहऱ्यावरचा प्रकाश हिरवा झालेला दिसला आणि तिनं सोडलेला श्वास ऐकू आला.

नोकरीचा जॉब नक्की केव्हा झाला, हे मी बरेच दिवस आठवून पाहते आहे. नोकरी स्त्रीलिंगी. ती 'लागते', झाडाला फळ लागावं तशी. लागली की पेढे वाटतात, आणि ती लागलेली राहते. जॉब पुल्लिंगी. तो शोधतात, मिळवतात, करतात, बदलतात. आमच्या वरच्या खोलीतली मुलं 'नोकरीला आहे' असं म्हणत नाहीत. 'जॉब करायलोय' म्हणतात. चाकणला तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात विजेच्या खांबांवर पत्रकं डकवलेली असतात. एकावर एक, पावसानं फुगलेली. जॉब, जॉब, जॉब. दहावी, बारावी, आयटीआय, पास किंवा नापास. कँटीन, बस, ओव्हरटाइम. आणि खाली फोन नंबरांच्या चिंधोट्या कापून ठेवलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यानं एकेक तोडून न्यावी म्हणून. याच चाकणच्या भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस थोपवलं होतं. कालपरवापर्यंत हे गाव आम्हाला कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक होतं. आता पहाटे त्या रस्त्यानं बसच्या रांगा जातात आणि खिडक्यांना डोकी टेकून पोरं झोपलेली असतात.

वरच्या खोलीतल्या मुलांचे करार सात महिन्यांचे, अकरा महिन्यांचे. करार संपला की मधे खंड, मग पुन्हा दुसरीकडे. कंधारचा मुलगा दोन वर्षांत तीन ठिकाणी जाऊन आला. प्रत्येक वेळी कपडे नवे, टोकन नंबर नवा, पण हातातलं काम साधारण तेच. या शब्दाला पुन्हा त्याचा सोळाव्या शतकातला अर्थ येऊ लागलाय, असं मला त्याच्याकडे पाहून वाटतं. कामाचा एक तुकडा. तिकडून चलनावर इकडे, इकडून तिकडे. असं वाटतं आणि मग तो जिन्यावरून शीळ घालत उतरतो, आणि मला माझं वाटणं त्याच्यावर लादण्याची लाज वाटते. त्याला आपल्या कामाचा अभिमान आहे. आयटीआयत त्यानं पहिला जॉब काढला तो अजून त्याच्या ट्रंकेत आहे. माइल्ड स्टीलची चौरस पट्टी, कानशीनं घासून काटकोनात आणलेली, कोपऱ्यात पंचनं ठोकलेला त्याचा हजेरी क्रमांक. काटकोन तपासताना गुण्या लावून ती उजेडाकडे धरायची, फटीतून उजेड आला की पुन्हा घासायची. "आठ दिवस घासली, काकू. हाताला फोड आले. सरांनी बघितली, काही बोलले नाहीत, नुसती टेबलावर ठेवली."

अण्णांनी व्हीआरएस घेतली त्या वर्षी त्यांनी फोरमनकडे एकच गोष्ट मागितली, हा नग. चांगला जॉब मागता येत नाही. तो कंपनीचा असतो, गाडीत बसून निघून जातो. अण्णांनी तीस-बत्तीस वर्षांत काढलेले चांगले जॉब कुठल्या घाटांत, कुठल्या गावांच्या रस्त्यांवर फिरले असतील आणि केव्हा भंगारात गेले असतील, कुणास ठाऊक. घरी येऊ शकतो तो चुकलेलाच. पण भंगारसुद्धा फाटकाबाहेर न्यायला कागद लागतो. फोरमननं रीतसर गेटपास करून दिला. तो गेटपास आईनं देवाच्या पुस्तकात जपून ठेवला होता. मला तो तिच्या माघारी सापडला. वर्णन: रिजेक्ट जॉब. नग: १. परत येणार की नाही, या रकान्यात 'नाही'पुढे टिक. खाली फाटकावरच्या रखवालदाराची सही आणि वेळ, दुपारी ४ वाजून १० मिनिटं. अण्णाही त्याच वेळी बाहेर पडले असणार.

मला पुष्कळ दिवस वाटत होतं की हा पाचवीतल्या त्या रात्रीचाच जॉब. एकदा अण्णांना तसं विचारलंही. ते हसले, म्हणाले, "तो कधीच वितळला असंल. हा वेगळा." मग जरा थांबून म्हणाले, "पण हाही माझाच."

गेल्या आठवड्यात कंधारचा मुलगा भाडं द्यायला खाली आला. माझ्यापुढे एका मशीनची पुस्तिका पसरलेली होती. पैसे मोजून टेबलावर ठेवताना त्याचा हात त्या नगावर गेला. त्यानं तो उचलला आणि एका क्षणात त्याच्या हाताची सगळी ठेवणच बदलली. जाड अंग तळव्यात, अंगठा पायरीवर, बोटं हलकेच फिरवत. पायरीच्या कडेवरून त्यानं नख ओढून पाहिलं. खिडकीकडे वळून तिरपा धरून त्याच्यावरच्या रेषा बघितल्या.

"फिनिश लई भारी आहे, काकू. जुन्या मशीनचा दिसतोय." मग लाल फराट्याकडे पाहत त्यानं विचारलं, "अंडरसाइज?"

"चार शतांश."

"अरारा." हे त्यानं एखाद्याच्या घरची वाईट बातमी कळल्यावर म्हणावं तसं म्हटलं. थोडा वेळ तो नग हातातच होता. "कुणाचा जॉब?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. वळणावरून बसचा हॉर्न वाजला. "ड्युटीला जायलोय," म्हणत तो निघाला, पण निघण्याआधी त्यानं नग ठेवला तो मी ठेवते तसा आडवा नाही. सपाट केलेलं तोंड खाली घेऊन, उभा. आडवा ठेवला की जॉब घरंगळतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून तो तसाच उभा आहे, आणि त्याच्याखाली पुस्तिकेची अर्धी राहिलेली पानं आहेत.